स्पेशल एज्युकेशनच्या रिसर्चसाठी डेटा अ‍ॅनालिसिस शिकायचाय? मग टी टेस्टपासून सुरू करू नका

एम.एड. स्पेशल एज्युकेशनचं शेवटचं वर्ष आलं किंवा पीएचडीचा डेटा हातात पडला की बहुतेकांची एकच धावपळ सुरू होते, टी टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची चाचणी) कोण करून देईल? मग कुणाच्या तरी ओळखीतला एक एसपीएसएसवाला (स्टॅटिस्टिक्सचं हे सॉफ्टवेअर चालवणारा) सापडतो, तो पैसे घेतो, चार टेबलं मेल करतो आणि ती टेबलं जशीच्या तशी चौथ्या प्रकरणात चिकटतात. व्हायव्हाला विचारलं की हीच टेस्ट का लावली, तर उत्तर काय, "सरांनी सांगितलं." हे टाळायचं तर स्वतः शिकावं लागेल, आणि खरं सांगू का, आपल्या फील्डला लागणारं स्टॅटिस्टिक्स फार नाहीये, फक्त ते पुस्तकात ज्या क्रमाने येतं त्या क्रमाने शिकायला जाऊ नका.

अडचण अशी आहे की बहुतेक पुस्तकं मोठा ग्रुप गृहीत धरून लिहिलेली असतात, दोनशे विद्यार्थी, सगळ्यांना एकच परीक्षा, नॉर्मल कर्व्ह वगैरे. आपल्याकडे काय असतं? वर्गात आठ मुलं, त्यातली दोन ऑटिझमची, एक डाउन सिंड्रोम, एकाला सेरेब्रल पाल्सी आणि वर फिट्स, बाकीच्यांच्या सर्टिफिकेटवर नुसतं बौद्धिक अक्षमता, वयं ७ ते १४. या आठ जणांची सरासरी काढली तर जो आकडा येतो तसं एकही मूल त्या वर्गात नसतं. म्हणून आपल्याकडे आधी प्रत्येक मूल वेगळं बघायचं आणि ग्रुपकडे नंतर जायचं.

तर पहिलं काम, लॅपटॉप उघडायच्या आधी, कागदावर दोनच गोष्टी लिहा, मुलं किती आणि प्रत्येकाचं मोजमाप किती वेळा होणार. यावरूनच तुम्हाला काय शिकायचंय ते ठरतं. तीन-चार मुलं आणि प्रत्येकाची पंधरा-वीस वेळा नोंद असेल तर सिंगल सब्जेक्ट डिझाइन, म्हणजे ग्राफ वाचायला शिका. दहा-पंचवीस मुलं आणि आधी-नंतर अशी दोनच मोजमापं असतील तर लहान ग्रुपच्या टेस्ट. शंभर-दीडशे पालक किंवा शिक्षकांकडून एकदाच प्रश्नावली भरून घेणार असाल तर सर्व्हेचं गणित. यातलं जे तुमचं नाही ते सध्या बाजूला ठेवा, अनोव्हा आणि रिग्रेशन येत नाही म्हणून रडत बसू नका.

आता शीट. याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण शीट साफ नसताना सॉफ्टवेअर उघडणं म्हणजे भाजी निवडायच्या आधीच फोडणी टाकण्यासारखं आहे. एक्सेलमध्ये एका ओळीत एकच नोंद: मुलाचा कोड, तारीख, टप्पा (बेसलाइन म्हणजे ट्रेनिंगच्या आधीचा, की इंटरव्हेन्शन म्हणजे ट्रेनिंगचा), स्कोअर, कोणी मोजलं, आणि शेवटी शेरा, ज्यात "ताप होता", "आज नवीन ताई होत्या" असलं काहीही चालेल. सेल मर्ज करायचे नाहीत. रंग देऊन माहिती साठवायची नाही, पिवळा म्हणजे गैरहजर हे तुम्हाला माहिती, सॉफ्टवेअरला नाही. आकडे इंग्रजीतच टाइप करा, देवनागरीत १२ लिहिलं तर आर सारख्या प्रोग्रामला तो आकडा नाही, अक्षरं वाटतात. आणि तारखेकडे लक्ष असू द्या, कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर असला तर ०५/०८ टाकल्यावर ५ ऑगस्टचा ८ मे होतो आणि ग्राफमध्ये सेशन उलटेपालटे लागतात, कुणाच्या लक्षातही येत नाही.

शून्य आणि रिकामा सेल यात फरक करा, यावर मी फार अडून बसते. मुलाने प्रयत्न केला आणि जमलं नाही, तो शून्य. मूल आलंच नाही, तो रिकामा सेल. मूल आलं पण त्या दिवशी टेबलाखाली जाऊन बसलं आणि टेस्टच झाली नाही, तोही रिकामा सेल, पण शेऱ्यात कारण लिहून. आणि चौथा प्रकार म्हणजे मुलाला ती गोष्ट करायची संधीच कधी मिळाली नाही, घरी आईच बटणं लावून देते तर बटण लावता येतं का हे कळणार कसं. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेची, म्हणजे आताच्या एनआयईपीआयडीची, एफएसीपी चेकलिस्ट वापरली असेल तर तिच्यात नो एक्स्पोजरची वेगळी खूण असते ती याचसाठी. हे चारही प्रकार शून्यात टाकले की सरासरी धपकन खाली येते, आणि पोस्टटेस्टला मुलं फक्त हजर राहिली तरी प्रगती झाल्यासारखी दिसते!

मग आपल्या स्कोअरचा स्वभाव ओळखा. समजा तुम्ही स्कोअर असा दिलाय, नाही म्हणजे ०, हात धरून केलं तर १, तोंडी सांगून केलं तर २, स्वतःहून केलं तर ३. आता ० वरून १ ला जायला एखाद्या मुलाला सहा महिने लागतील आणि २ वरून ३ ला पंधरा दिवस, म्हणजे या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, क्रम तेवढा खरा आहे. अशा डेटाला सरासरीपेक्षा मध्यक, म्हणजे मीडियन, आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, बरा. पण म्हणून सगळं हो-नाही मध्ये पण बदलू नका, हात धरण्यावरून तोंडी सूचनेवर आलेलं मूल दोन्ही वेळा "नाही" मध्येच मोजलं जाईल आणि वर्षभराची मेहनत डेटातून गायब. तीच गोष्ट तयार स्केलची. ऑटिझमसाठीची आयएसएए घ्या, ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५, म्हणजे सगळ्यात कमी स्कोअरच ४० असतो, शून्य नाही. ७० च्या खाली ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. १०८ चं मूल १०५ वर आलं की टेबलात "मध्यम वरून सौम्य" असं झळकतं, प्रत्यक्षात फरक तीनच गुणांचा, आणि तेवढा फरक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने स्केल भरली तरी पडू शकतो. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरच्या टक्क्यांची तर सरासरी काढूच नका, ४० टक्के श्रवणदोष आणि ४० टक्के अस्थिव्यंग ही एकाच फुटपट्टीवरची मापं नाहीत.

हे झालं की ग्राफ. आकडेमोड नाही, ग्राफ. एक उदाहरण घेऊ, एक मुलगा पाणी हवं असेल, खेळणं हवं असेल तर चित्रकार्ड दाखवून स्वतःहून मागतो का, हे रोज अर्धा तास मोजलं. बेसलाइनचे पाच दिवस २, ३, २, ४, ३. ट्रेनिंग सुरू झाल्यावर आठ दिवस ४, ५, ६, ६, ७, ५, ८, ७. एक्सेलमध्ये बेसलाइनचे आकडे एका कॉलममध्ये आणि ट्रेनिंगचे शेजारच्या कॉलममध्ये, पुढच्या ओळीपासून टाका आणि लाइन चार्ट लावा, रेषा मध्ये आपोआप तुटते, तशी ती तुटायलाच हवी, दोन टप्पे जोडून काढायचे नसतात. मग बघायचं, पातळी बदलली का, चढ दिसतो का, आकडे फार वरखाली होतायत का, आणि बदल लगेच दिसला की चार दिवसांनी. बेसलाइनच जर आधीपासून चढत असेल तर ट्रेनिंग सुरू करायची घाई करू नका, नंतर श्रेय कुणाचं हे सांगताच येणार नाही. बेसलाइनला किमान तीन नोंदी, जमलं तर पाच.

आता या ग्राफला एक आकडा लावायचा तर सगळ्यात सोपा पीएनडी, म्हणजे बेसलाइनच्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर गेलेल्या नोंदींचे टक्के, १९८७ पासून वापरात आहे. बेसलाइनमधला सगळ्यात मोठा आकडा ४, ट्रेनिंगच्या आठपैकी सात दिवस त्याच्या वर, म्हणजे ८७.५ टक्के. झालं, कॅल्क्युलेटर पण नको. पण याची एक खोड आहे. समजा बेसलाइनच्या चौथ्या दिवशी वर्गात कुणाचा तरी वाढदिवस होता, केक होता आणि मुलाने ४ ऐवजी ८ वेळा मागितलं. आता ८ च्या वर एकही दिवस नाही, पीएनडी सरळ शून्य! ग्राफ बघितला तर प्रगती ढळढळीत दिसतेय आणि आकडा म्हणतो काहीच झालं नाही. म्हणून त्याच्या जोडीला एनएपी शिका, तो २००९ चा, ट्रेनिंगचा प्रत्येक आकडा बेसलाइनच्या प्रत्येक आकड्याशी लावून बघायचा, मोठा असला तर १, बरोबरी असली तर अर्धा, लहान असला तर ०. आठ गुणिले पाच म्हणजे ४० जोड्या. मूळ डेटात बेरीज ३९.५ येते, भागिले ४०, म्हणजे साधारण ०.९९. वाढदिवसाचा दिवस धरला तरी ३२.५ भागिले ४०, म्हणजे ०.८१. एका केकने सगळं बुडत नाही. हे एकदा हाताने करून बघा, वीस मिनिटं लागतील, पण नंतर कोणतंही सॉफ्टवेअर काय करतंय ते डोळ्यासमोर राहतं.

एवढं करूनही एका मुलाच्या आधी-नंतरवरून ट्रेनिंगमुळेच फरक पडला असं म्हणता येत नाही, त्याच आठवड्यात घरी आजी राहायला आली असेल, औषध बदललं असेल. म्हणून मल्टिपल बेसलाइन करतात, तीन मुलं, तिघांची बेसलाइन एकदम सुरू पण ट्रेनिंग वेगवेगळ्या तारखांना. ज्याचं ट्रेनिंग सुरू होतं त्याचाच आलेख त्याच वेळी हलतो आणि बाकीच्यांचा स्थिर राहतो असं तीनदा दिसलं की मग बोलण्यात दम येतो. स्पेशल स्कूलमध्ये काम करणाऱ्यांना हेच डिझाइन सगळ्यात जास्त झेपतं असं माझं ठाम मत आहे, कुठल्याच मुलाला ट्रेनिंगपासून वंचित ठेवावं लागत नाही, फक्त कुणाला आधी कुणाला नंतर.

ग्रुपवर काम असेल तर आधी एवढं पक्कं करा की प्री आणि पोस्ट त्याच मुलांचं आहे ना, मग टेस्ट जोडीची लागणार, दोन वेगवेगळे ग्रुप असल्यासारखी नाही. इथे गडबड होते ती कोड न ठेवल्यामुळे, प्रीटेस्टचे वीस कागद आणि पोस्टटेस्टचे वीस कागद, कुठला कुणाचा ते माहीत नाही, मग जोड्या लावणार कशा. मुलं कमी आणि स्कोअर क्रमाचे असतील तर पेअर्ड टी टेस्टऐवजी विलकॉक्सन साइन्ड रँक, म्हणजे फरकांचे क्रम लावून बघणारी टेस्ट, बघा. पण त्यालाही मर्यादा आहे आणि ती कुणी सांगत नाही. पाच मुलं आहेत आणि पाचही सुधारली, याहून चांगला रिझल्ट असूच शकत नाही, बरोबर? तरीही पी व्हॅल्यू (तिचा अर्थ पुढे सांगते) ०.०५ च्या खाली, म्हणजे फरक "सिग्निफिकंट" म्हणायच्या नेहमीच्या रेषेखाली, येणारच नाही. का, तर प्रत्येक मूल एकतर वर जाईल नाहीतर खाली, पाच मुलांचे असे ३२ प्रकार होतात, सगळी वर हा एक प्रकार आणि सगळी खाली हा एक, २ भागिले ३२ म्हणजे ०.०६२५. याच्या खाली जायला जागाच नाही. सहा मुलं घेतली की २ भागिले ६४, ०.०३१. म्हणजे पाच मुलं घेऊन "सिग्निफिकंट फरक आढळला नाही" असं जे छापलं जातं, त्यात फरक सापडायची सोयच मुळात ठेवलेली नव्हती. प्रपोजल लिहितानाच हे बघायचं. दोन वेगळ्या ग्रुपसाठी मान-व्हिटनी लावली तरी तेच, तीन विरुद्ध तीन मुलं असतील तर ०.१ च्या खाली जाताच येत नाही.

पी व्हॅल्यू म्हणजे काय हेही आपल्या शब्दात सांगता आलं पाहिजे. खरंतर फरक काहीच नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, बस. ट्रेनिंग चांगलं असण्याची शक्यता ९५ टक्के, असा त्याचा अर्थ बिलकुल नाही. फरक केवढा, हे सांगायला इफेक्ट साइझ लागतो, विलकॉक्सनसोबत रँक बायसिरिअल कोरिलेशन देतात, जास्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक टिक केली की येतो.

अजून एक सापळा. आपण मुलं निवडतो कशी, तर प्रीटेस्टला सगळ्यात कमी पडलेली दहा. त्यातल्या काहींचा त्या दिवशी फक्त दिवस वाईट होता, झोप झाली नव्हती, पुन्हा टेस्ट घेतली तर काहीही न शिकवता ती थोडी वर येणारच. ही वाढ तुमच्या प्रोग्रामच्या खात्यात जमा होते. उपाय दोन, प्रीटेस्ट दोनदा घ्या, नाहीतर अर्ध्या मुलांना पुढच्या टर्मला प्रोग्राम द्या आणि तोपर्यंत त्यांचंही मोजमाप करा.

निरीक्षणावर डेटा असेल तर दोन जणांनी स्वतंत्र मोजलंय ना, हे परीक्षक विचारणारच. इथे नुसती टक्केवारी फसवी असते. मूल जागेवर बसलंय का, हे दोन ताईंनी ५० वेळा बघितलं, ४० वेळा दोघी हो म्हणाल्या, ४ वेळा दोघी नाही, आणि ६ वेळा जुळलं नाही, तीनदा एक हो म्हणाली, तीनदा दुसरी. जुळणी ८८ टक्के, वाह. पण मूल मुळात बहुतेक वेळ बसलेलंच आहे, डोळे मिटून "हो" लिहीत गेलं तरी बरंच जुळणार. प्रत्येकीने ५० पैकी ४३ वेळा हो म्हटलंय, म्हणजे योगायोगानेच ७६ टक्के जुळलं असतं. कोहेनचा कप्पा (kappa) नावाचा आकडा हा योगायोग वजा करतो, आणि तो येतो जेमतेम ०.५०. म्हणजे ताईंना पुन्हा बसवून "जागेवर" म्हणजे नक्की काय, खुर्चीवर गुडघे टेकून उभं राहिलेलं धरायचं का, हे ठरवावं लागेल.

सर्व्हेवाल्यांसाठी थोडक्यात. उलट्या अर्थाची वाक्यं, जसं "माझ्या मुलाला नेहमीच्या शाळेत घालणं चुकीचं आहे", यांचे गुण आधी फिरवून घ्या, ५ चा १, ४ चा २, मगच अल्फा (प्रश्नावलीतली वाक्यं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) काढा, अल्फा एकदम कमी किंवा मायनसमध्ये आला तर पहिला संशय यावरच घ्यायचा. स्केल इंग्रजीतून मराठी केली असेल तर मूळ इंग्रजी स्केलचा अल्फा कॉपी करून चालणार नाही, तुमच्या पालकांवर तुम्हाला काढावा लागेल. काय-स्क्वेअरच्या (दोन गोष्टींच्या गटवारीत संबंध आहे का हे बघणाऱ्या टेस्टच्या) टेबलात अपेक्षित आकडे पाचच्या खाली दिसले तर फिशर एक्झॅक्ट टेस्ट वापरा.

सरकारी डेटा फुकट आहे म्हणून त्यावर तुटून पडायच्या आधी व्याख्या तपासा. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकारचं अपंगत्व होतं, २०११ च्या जनगणनेत ८ प्रकार विचारले (त्यात देशभरात २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के लोक नोंदले गेले), आणि २०१६ च्या कायद्यात प्रकार झाले २१. एकावर एक ठेवून रेषा काढली तर वाढ मुलांची झाली की यादीची, काही कळत नाही. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीत, शाळेत नाव असलेलीच मुलं येतात, घरी बसलेली नाही. एखाद्या जिल्ह्यात आकडा वाढला तर तिथे फिरत्या शिक्षकांनी तपासणी नीट केली एवढाच अर्थ असू शकतो.

सॉफ्टवेअरबद्दल फार चर्चा नको. एक्सेल आणि जास्प एवढ्यात एम.एड. निघतं. जास्प अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेलं आहे, मोफत आहे, क्लिक करत काम होतं, जामोवी पण तसंच. एसपीएसएसची क्रॅक कॉपी कुणी पेनड्राइव्हवर देत असेल तर नको म्हणा, व्हायरसची भीती आहेच, शिवाय गरजही नाही. एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिस टूलपॅकमध्ये टी टेस्ट आहे पण विलकॉक्सन नाही, हे माहीत असू द्या. आर नंतर शिका, पीएचडी असेल तर नक्की, कारण त्यात तुम्ही काय केलं ते सगळं लिहिलेलं राहतं आणि गाइडने सहा महिन्यांनी "ही दोन मुलं काढून पुन्हा करा" म्हटलं की एक ओळ बदलून काम होतं. सराव कसा करायचा तर खरा डेटा यायची वाट बघू नका, मनाने दहा मुलांचे खोटे आकडे टाका, हाताने विलकॉक्सन करा, मग जास्पशी ताडून बघा. मग मुद्दाम एक आकडा चुकीचा टाका, १२ चा १२०, आणि काय काय बदलतं ते बघा, टी टेस्ट किती हलते आणि विलकॉक्सन किती. ही खोटी फाइल नावातच "सराव" लिहून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, खऱ्यात मिसळायला नको.

लिहिताना सरासरीच्या टेबलाशेजारी प्रत्येक मुलाची ओळ द्या, दहा-बारा मुलांचं टेबल एका पानात मावतं. "१० पैकी ७ मुलांचा स्कोअर वाढला, दोघांचा तेवढाच राहिला, एकाचा कमी झाला, त्या काळात त्याच्या फिट्स वाढल्या होत्या" हे वाक्य वाचणाऱ्या शिक्षकाला पी व्हॅल्यूपेक्षा जास्त सांगतं. पण इथेच काळजी घ्यायची. तालुक्याच्या गावी कर्णबधिर आणि अंध दोन्ही असलेली मुलगी एकच असते, तुम्ही नाव न देता वय ११, मुलगी, डेफब्लाइंड एवढं लिहिलं तरी अख्ख्या गावाला कळतं कोण ते. वय गटात द्या, ९ ते १२, शाळेचं नाव आणि तालुका काढा, आणि कोड कुणाचा कोणता याची यादी डेटाच्या फाइलमध्ये नको, वेगळ्या फाइलमध्ये पासवर्ड लावून ठेवा. एसपीएसएसवाल्याला किंवा कुणालाही मदतीला शीट पाठवलीच तर पाठवायच्या आधी शेऱ्याचा कॉलम एकदा वाचून काढा, नावं हमखास तिथेच राहिलेली असतात.